खताची पाटी कुणाच्या डोक्यावर?

शाळाशाळांतून सध्या बागा उगवतायत. कुणी परसबाग म्हणतं, कुणी पोषणबाग. २०१९ साली दिल्लीच्या मनुष्यबळ खात्याने सगळ्या राज्यांना कळवलं की शाळेत भाजीपाला लावा, पोरांना झाडांची ओळख करून द्या, पिकलेली भाजी दुपारच्या जेवणात टाका, पोरांच्या अंगी निसर्गाचं प्रेम बाणवा. जागा नसेल तर डबे घ्या, मडकी घ्या, गच्ची घ्या. कागदावर सगळं छान. या देशात कागदावर काय छान नसतं? घटनेचं सतरावं कलमसुद्धा कागदावर झकास आहे.

मी बागेच्या विरोधात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी पांढरपेशा शहाणा म्हणेल, ही पोरं आता झाडांवरही उठली. बी कसं रुजतं, मूळ काय खातं, पान काय करतं हे आमच्या पोरांना कळलंच पाहिजे. पुस्तकातलं चित्र बघून नाही, हाताला माती लावून. माझा सवाल एकच आहे. खताची पाटी कुणाच्या डोक्यावर?

मराठीत पाटी तीन तऱ्हेची. एक लिहायची, एक वाहायची, एक नाव झळकवायची. हजारो वर्षं आपल्या बापजाद्यांना लिहायची पाटी मिळाली नाही, वाहायची तेवढी मिळाली. आता शाळेत शिरलो, लिहायची पाटी हातात घेतली, तर मागून कुणीतरी हळूच दुसरी पाटी डोक्यावर ठेवतंय. आणि ठेवताना म्हणतंय, बाळा, हे पर्यावरण आहे.

मी राहतो देवनारच्या कचरा डेपोच्या पायथ्याशी. संध्याकाळी आम्ही चारपाच जण मिळून पत्र्याच्या खोलीत अभ्यासिका चालवतो. तिथे येणाऱ्या सातवीच्या पोरांनी त्यांच्या शाळेतल्या बागेची कामवाटणी मला सांगितली. शाळेचं नाव छापत नाही. एकीचं छापलं तर बाकीच्या सुटल्या असं होईल.

बाग म्हणजे काय, तर संडासाच्या भिंतीला लागून आठ-दहा फुटांची पट्टी आणि कापलेले निळे ड्रम. उद्घाटनाला नारळ फुटला. पहिलं रोप तुळशीचं. निम्मा वर्ग मुसलमान पोरांचा, उरलेल्यात आपली पोरं ढीगभर, पण तुळशीशिवाय यांचं पर्यावरण सुरूच होत नाही. मग बाईंनी गट पाडले. निरीक्षण गट : यांनी वहीत रोपाची उंची लिहायची, पानं मोजायची. फलक गट : यांनी रंगीत कागदावर झाडांची नावं लिहायची. स्वागत गट : साहेब आले की यांनी रोप हातात द्यायचं. आणि खत-माती गट. या गटात सात पोरं. आडनावं सांगत नाही, तुम्ही ओळखलीत. कुणाचा बाप पालिकेच्या गाडीवर, कुणाची आई डेपोवर वेचायला जाणारी. दोन मुसलमान पोरं, तीही भंगारवाल्यांची. यांनी ओला कचरा आणायचा, खड्ड्यात टाकायचा, वरखाली करायचा, पाटीने ड्रमात भरायचा. बाग संडासाला लागून, त्यामुळे जाताजाता संडासात बादलीभर पाणी मारायचं कामही ह्याच गटाच्या गळ्यात पडलं. कधी पडलं, कुणी सांगितलं, कुणालाच आठवत नाही. अशी कामं कुणी सांगत नसतं, ती आपोआप येतात.

त्या गटातल्या एका पोरीने विचारलं, बाई, आम्हाला वहीचा गट का नाही? बाई म्हणाल्या, "अगं, तुम्हाला सवय असते."

सवय! मित्रांनो, मनुस्मृतीचे बारा अध्याय त्या बाईंनी एका शब्दात गुंडाळले. बाई वाईट नाहीत. पोरांना मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, स्वतःच्या पैशाने बी आणतात. म्हणूनच मला भीती वाटते. वाईट माणसाशी भांडता येतं. ज्याला आपण काय बोललो हे कळतच नाही त्याच्याशी भांडायला आधी त्याला जागं करावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करताय. कोलार जिल्ह्यात, कर्नाटकात, २०२३ च्या डिसेंबरात एका सरकारी निवासी शाळेत दलित पोरांना मैल्याच्या टाकीत उतरवलं. गाजावाजा झाला, अटका झाल्या. तिथेही कुणी पहिल्या दिवशी टाकीत उतरवलं नसणार. आधी अंगण असेल, मग बादली असेल, मग संडास. पायऱ्या असतात साल्या, खाली जाणाऱ्या.

हाताने काम करून शिकायचं, ही कल्पना काही आजची नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली, गांधींनी नई तालीम मांडली. पोरांनी सूत कातावं, शेती करावी, त्यातूनच गणित-भूगोल शिकावा, आणि झालेल्या मालातून मास्तरांचा पगार सुटावा अशीही अपेक्षा. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पुस्तकं होती त्यांच्या पोरांना चार दिवस माती लावणं ठीक. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मातीच होती त्यांच्या पोरांचं काय? पुढे १९५३ साली मद्रासेत राजाजींनी झाकून ठेवलेलं उघडच केलं. पोरांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या पोराने वस्तरा, धोब्याच्या पोराने भट्टी. पेरियार आणि द्रविड चळवळीच्या लोकांनी रान पेटवलं. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले, योजना गाडली गेली. लक्षात ठेवा, ती गाडली गेली ती रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे. कुठल्या शिक्षणतज्ज्ञाला उपरती झाली म्हणून नाही.

हाच वाद काळ्या लोकांतही झाला. बुकर टी. वॉशिंग्टनने १८८१ पासून अलाबामात टस्कीगीची शाळा उभी केली. पोरं विटा पाडायची, शेत कसायची, इमारती बांधायची. गोरे मालक खूष, देणग्यांचा पाऊस. डू बॉइसने १९०३ साली त्याला जाहीर जाब विचारला की आमच्या पोरांनी फक्त हातच वापरायचे का, डोकं कुणी वापरायचं, मताचा हक्क कुणी मागायचा? याच डू बॉइसला बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र पाठवलं होतं. दोघांना एकमेकांचं दुखणं बरोबर ठाऊक होतं.

आणि आपले जोतिबा? त्यांच्या घराण्याचं नावच फुलांवरून पडलं. पेशव्यांना फुलं पुरवणारी माणसं ती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतिबांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असं स्वच्छ मागितलं. म्हणजे शाळेतली माती आपल्याला परकी नाही, ती मागणी आपल्याच माणसाची. पण त्याच निवेदनात ते काय म्हणतात? बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, आणि रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळू नका. नांगर पाहिजे आणि पुस्तकही पाहिजे, दोन्ही एकाच पोराच्या हातात. जोतिबांच्या बागेत निरीक्षण गट वेगळा आणि खत गट वेगळा असं नव्हतं.

आता या बागवाल्यांचा लाडका शब्द घेऊ. शाश्वत. शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत जीवनशैली. अरे, शाश्वत म्हणजे काय? कोश उघडा. शाश्वत म्हणजे सनातन. या देशात शाश्वत काय टिकलं असेल तर ते गावकूस टिकलंय. तथागताने शाश्वतवाद तेव्हाच नाकारला होता. सगळं अनित्य आहे, बदलतं आहे, बदलता येतं. म्हणून तर आपण १९५६ साली नागपूरला जाऊ शकलो. मला शब्दावरून भांडायची हौस नाही. दुसरा चांगला शब्द असेल तर द्या, मी वापरीन. पण हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडी घालण्याआधी कुणीतरी थोडा विचार करायला हवा होता.

आणि शिकवताय कुणाला? पाणी जपून वापरा, हे टँकरच्या रांगेत रात्र काढणाऱ्या पोराला. वस्तू पुन्हा वापरा, हे दादाचा शर्ट घालून आलेल्या पोराला. ओला-सुका वेगळा करा, हे जिच्या आईने उभा जन्म मुंबईचा ओला-सुका वेगळा करण्यात घालवला तिच्या लेकीला! देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली. त्याच साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. जवळजवळ शंभर वर्षं मुंबई खातेपिते आणि उष्टं आमच्या उशाला आणून टाकते. २०१६ च्या जानेवारीत डेपो पेटला, धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला. आणि २०२४ साली मंत्रिमंडळाने ठरवलं की धारावीतली माणसं हलवायला याच डेपोची १२४ एकर जागा द्यायची. कचऱ्यावर माणसं! हा यांचा विकास, आणि तोही शाश्वत.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, महापालिकेला त्यांना ओळखपत्रं द्यावी लागली. शाळेला कचऱ्याचं शास्त्र शिकायचं असेल तर अशा एका बाईला खुर्चीवर बसवा, मानधन द्या, आणि तिच्यापुढे मास्तरांसकट सगळ्यांनी मांडी घाला. प्लॅस्टिकच्या सात जाती ती डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखेल.

मग बागेत शिकवायचं काय? खूप आहे. आमच्या अभ्यासिकेत आम्ही पत्र्यापुढे ड्रमात चवळी लावली होती. चाळीसेक दिवसांनी एक रोप मुळासकट उपटलं. मुळांना बारीक गाठी. एक गाठ नखाने फोडली तर आत लालसर गुलाबी. पोरं चमकली, रक्त! खरंच रक्ताचंच भावंड आहे ते. त्या गाठीत जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. त्या देवाणघेवाणीत प्राणवायूचा लगाम धरायला झाड जे द्रव्य बनवतं ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं. गाठ आतून गुलाबी असेल तर काम चालू, पांढरी-हिरवी असेल तर बंद. एवढा धडा एका ड्रमात. कुठे आली त्यात शुद्ध-अशुद्ध? ब्राह्मणाच्या शेतातली चवळीही ह्याच लाल गाठीवर जगते.

खताचा ढीग घ्या. तीन पाट्या सुका पाला, एक पाटी ओला कचरा, असे थर कमरेएवढे रचले की आठवड्याभरात आत हात घालवत नाही इतका ढीग तापतो, पन्नास-साठ अंशांवर जातो. का तापतो? कोट्यवधी जीव खातायत म्हणून. उलटापालट केली नाही तर हवा संपते आणि घाण मारायला लागतो. हे सगळं थर्मामीटर घेऊन रोज लिहायचं शास्त्र आहे. आणि ते शास्त्र ढिगात हात घालणाऱ्यालाच कळतं, लांबून वही धरणाऱ्याला कळत नाही. म्हणजे बघा, खत गट आणि निरीक्षण गट वेगळे पाडून बाईंनी वहीवाल्या पोरांचंही नुकसानच केलं. त्यांना आकडे मिळाले, अर्थ मिळाला नाही. जातीचं हेच आहे, ती वरच्यालाही आंधळा करते. पण त्याच्यासाठी रडायला आत्ता मला सवड नाही.

आणि सोनखत! माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. खताला सोनं म्हणणारी भाषा ते वाहणाऱ्या माणसाला काय म्हणायची, ते तुम्हाला माहीत आहे. हा धडा कुठल्या पर्यावरणाच्या पुस्तकात आहे? तणाचा धडा घ्या. ड्रमात घोळ उगवली, पोरांनी तण म्हणून उपटली. एकाची आजी ओरडली, अरे मेल्यांनो, बहात्तरच्या दुष्काळात हिनेच तर जगवलं. घोळ, कुरडू, टाकळा. आजीला नाव माहीत, चव माहीत, कुठल्या महिन्यात कोवळी ते माहीत. आज शास्त्रज्ञ सांगतात की माशाच्या तेलासाठी ज्या जातीच्या स्निग्धाला लोक पैसे मोजतात, त्या जातीचा स्निग्ध घोळीच्या पानात भरपूर आहे. शाळेच्या बागेत मात्र घोळ तण आणि ब्रोकोली भाजी. आणि गाजरगवत? ते १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं अशी बोलवा. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. एका गवतात केवढं राजकारण! शिकवा ना.

बरं, पिकलेल्या भाजीचं काय? पोषण म्हणून बाग, असं सांगतात. शहरात दुपारची खिचडी शाळेत शिजतच नाही, बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजून पिंपातून येते. मग ड्रमातली मेथी जेवणात पडणार कशी? आमच्या त्या शाळेतली मेथी साहेबांच्या टेबलावर फोटोपुरती पडली, नंतर कुणाच्या घरी गेली ते विचारू नका. आणि ही मेथीची जुडी दाखवून झाकताय काय? महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात पोरांना आठवड्याला एक अंडं सुरू केलं. आठवड्याला एक! तेही कुणाच्या तरी पोटात दुखलं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे काढून घेतले आणि सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. डेपोच्या पायथ्याशी वर्गणी मागायची कुणाकडे, गिधाडांकडे? अमेरिकेतल्या ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांनी १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता सुरू केला. त्या ताटात अंडी होती. सरकार नसलेल्यांनी दिली, आणि सरकार असलेल्यांनी काढली. ताटातलं अंडं काढून घ्यायचं आणि हातात मेथीचं बी द्यायचं, याला पोषण म्हणतात होय?

आणि समजा भाजी जेवणात पडली. शिजवणार कोण? २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यात, दलित बाईने शिजवलेलं जेवण सवर्ण पोरांनी नाकारलं आणि नोकरी त्या बाईची गेली. आरडाओरड झाली तेव्हा परत घेतली. भोपळ्याची वेल कुठल्या पोराने लावली ते चालतं. तो भोपळा कुणी चिरला ते चालत नाही.

आता जमिनीचं. बागेत पोराला सांगतात, माती आपली आई आहे. कुणाच्या नावावर आहे ही आई? सातबारा दाखवा. महारकीच्या वतनाच्या तुकड्यावर गावची सगळी वेठ उपसली, १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झालं, तुकडे कुणाच्या घशात गेले ते आपापल्या गावी जाऊन विचारा. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला, माणसांनी तुरुंग भरले. २००४ साली त्याच दादासाहेबांच्या नावाने योजना निघाली, भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. तिच्याखाली तुमच्या ओळखीत कुणाला जमीन मिळाली, आठवून बघा. मातीचा धडा सुरू करायचा तर सातवीच्या पोराला सातबारा वाचायला शिकवा. गायरान म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय. ते शिकवलं की बघा, शाळेची बाग किती दिवस चालू देतात.

या सगळ्यावर आम्ही गप्प बसलो नाही. पोरांचे आईबाप जमवले, मागण्या लिहिल्या, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. खताची पाळी हजेरीच्या नंबराने लागली पाहिजे, सगळ्यांची, आणि पहिल्या आठवड्यात शिक्षकांची. संडास साफ करायला पालिकेने पगारी माणूस द्यावा, पोरांनी बादली उचलायची नाही. बागेला माळी हवा असेल तर माळ्याची जागा भरा, आमची पोरं फुकटची भरती नाहीत. गणित-विज्ञानाच्या तासाला कुणालाही बागेत पाठवायचं नाही. एक सूक्ष्मदर्शक आणि एक थर्मामीटर बागेसाठी, कपाटात कुलपात ठेवायला नाही. भाजी निघेल ती पोरांच्या पोटात. आणि अंडं परत हवं, या मागणीच्या कागदावर शाळेनेही सही करून वर पाठवावा.

मुख्याध्यापक म्हणाले, सहीचं जमणार नाही, बाकीचं बघू. बाई काही बोलल्या नाहीत. कागद मात्र दोनदा वाचला.

दर सोमवारी आम्ही चार जण शाळेच्या फाटकावर उभे राहून कुणाच्या डोक्यावर पाटी आहे ते वहीत लिहितो. आता आम्हीच निरीक्षण गट. तुमच्या वॉर्डातल्या, तुमच्या तालुक्यातल्या शाळेतही बाग असेल. जा, बघा, गट कसे पाडलेत ते पोरांना विचारा, आणि लिहून मासिकाच्या पत्त्यावर धाडा. शाळेचं नाव, तारीख, कुणाकडे कुठलं काम, सगळं सविस्तर. नावं आम्ही छापणार नाही. आकडे छापू.